पंखावर पट्टे दिसले की लगेच फळमाशी म्हणू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या शेतीच्या पानावर तुरीच्या पानावर बसलेल्या माशीचा मोठा रंगीत फोटो आलाय आणि खाली ओळ अशी की तुरीवर फळमाशीचा प्रादुर्भाव, शेतकऱ्यांनी ताबडतोब कामगंध सापळे लावावेत. फोटो झकास आहे, ज्याने कोणी काढलाय त्याचं मनापासून कौतुक, एवढ्याशा पाच-सहा मिलिमीटरच्या जिवाचे पंख इतके साफ आलेत की वरचे काळे पट्टे मोजून घ्यावेत. आणि फोटो इतका चांगला आहे म्हणूनच छातीठोकपणे सांगता येतं की ती फळमाशी नाहीये. ती सिग्नल माशी आहे, आणि तुरीवर बसलीये म्हणजे बहुतेक त्यातल्या रिव्हेलिया नावाच्या गटातली.

आता कोणी म्हणेल, काय फरक पडतो हो, माशी ती माशी. फरक पडतो म्हणूनच लिहितोय. तुमचं ते कात्रण सकाळी दहाच्या आत आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं, दुपारपर्यंत बार्शीला माझ्या चुलतभावाकडे पोचलं, आणि संध्याकाळी त्याचा फोन, "अण्णा, एकरी किती सापळे लावू? दुकानदार म्हणतोय दहा तरी घ्याच." मी म्हटलं अरे बाबा एकही लावू नको, पैसे खिशात ठेव. तर म्हणतो पेपरात छापून आलंय ना! यावर काय बोलणार.

त्या सापळ्यात नेमकं काय असतं ते आधी बघा. आंबा-पेरूच्या बागेत जे सापळे टांगतात त्यात मिथिल युजेनॉलचा बोळा असतो. त्याच्या वासाला बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, म्हणजे आंब्यावरची फळमाशी, आणि तिच्या जवळच्या काही जातींचे नर येतात, फक्त नर, मादी येत नाही. काकडी, दोडका, कारली यांच्यावरच्या फळमाशीला तर हा बोळाही चालत नाही, तिथे क्यू-ल्युअर लागतो. म्हणजे फळमाशांच्या घरातल्या घरातसुद्धा एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही आणि आपण ते दुसऱ्याच कुळातल्या माशीला लावायला निघालोय! रिव्हेलिया त्या सापळ्याकडे ढुंकून बघणार नाही. आणि गंमत अशी की ज्या माशीसाठी हे सापळे आहेत त्या आंब्यावरच्या फळमाशीच्या पंखावर असे आडवे पट्टे नसतातच मुळी. तिचा पंख जवळजवळ काचेसारखा स्वच्छ, पुढच्या कडेला फक्त एक गडद रेघ. अंग तपकिरी-काळं, त्यावर पिवळे डाग, लांबून गांधीलमाशीची आठवण यावी असं. तुमच्या फोटोतली माशी काळी, चकचकीत, आणि पंखावर ठसठशीत पट्टे.

पट्टे पट्टे काय करताय, बऱ्याच फळमाशांच्याही पंखावर नक्षी असते असं कोणी जाणकार म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. त्याचं कारण हे सगळे नातेवाईक आहेत. फळमाशीचं कुळ टेफ्रिटिडी, त्यात जगभरात साधारण ५००० जाती. सिग्नल माशीचं कुळ प्लॅटिस्टोमॅटिडी, त्यात साधारण १२००. त्याच गोतावळ्यात युलिडिडी नावाचं तिसरं कुळ, त्यांच्याही पंखावर चित्रं. आणि चौथं पिरगोटिडी, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो कारण ते ऊसवाल्यांनी वाचण्यासारखं आहे. ही चारही कुळं एकाच टेफ्रिटॉइडिया नावाच्या मोठ्या गटातली. नातं जवळचं आहे पण प्रत्येकाचा धंदा वेगळा, कुलकर्णी आडनाव दिसलं म्हणून सगळे एकाच वाड्यातले ठरत नाहीत.

मग ओळखायचं कसं? ज्यांच्याकडे तो फोटो मोबाईलवर आहे त्यांनी झूम करून पंखाची पुढची कड बघावी. कडेला लागूनच एक बारीक शीर जाते, तिला सबकोस्टा म्हणतात. फळमाशीत ही शीर टोकाजवळ एकदम काटकोनात पुढे वळते आणि कडेला टेकायच्या आधीच विरून जाते. सिग्नल माशीत ती हळूच वळत नीट कडेला जाऊन मिळते. दुसरी खूण कपाळावर. फळमाशीच्या कपाळावर डोळ्यांच्या कडेने आत झुकलेल्या राठ केसांची ओळ असते, सिग्नल माशीत ती नसते. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असलं तरी दोन्ही खुणा दिसतात, त्यासाठी पीएचडी लागत नाही. थोडा धीर लागतो, कारण ही माशी एका जागी गप बसत नाही.

आणि घरात पिकलेल्या केळ्यांवर जी चिलटं घोंगावतात त्यांनाही शाळेच्या पुस्तकात फळमाशी म्हणतात, ड्रोसोफिला. ती तर पार तिसरीकडचीच. आपल्याकडे फळमाशी या एका शब्दाखाली इतकं सगळं कोंबलंय की आता त्यात चौथं घालू नका एवढीच विनंती.

सिग्नल माशी हे नाव पडलं ते पंख हलवायच्या सवयीमुळे. तिला चालताना बघितलंत तर लक्षात येईल, चार पावलं टाकते, थांबते, एक पंख पुढे काढून आडवा फिरवते, मग दुसरा, पुन्हा चालते. नर असेल तर मादीसमोर हा कार्यक्रम जास्त जोरात चालतो आणि दुसरा नर आला की त्याच्यासमोरही. रिव्हेलियाचे नर मादीभोवती गिरट्या घालतात आणि मग चक्क तोंडातून तोंडात रस भरवतात, मादी तो पिते. युरोपात प्लॅटिस्टोमा म्हणून ठिपकेदार पंखांची माशी आहे, तिच्यातही हे तोंडाला तोंड लावणं चालतं. या माशीवरूनच अख्ख्या कुळाचं नाव आलंय. माइगेन या जर्मन अभ्यासकाने १८०३ मध्ये ही जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली आणि शिनर या ऑस्ट्रियन माणसाने १८६२ मध्ये तिच्यावरून कुळ केलं. भरवण्याच्या या प्रकारावर माझी बायको म्हणाली, बघा, माश्यांना जमतं. असो.

पंखावरच्या नक्षीचा उपयोग काय यावर १९८७ साली अमेरिकेत एक फार डोकेबाज प्रयोग झाला होता, तो माझ्या आवडीचा आहे म्हणून सांगतोच. प्रयोगातली माशी सिग्नल माशी नव्हती, झोनोसेमाटा नावाची खरी फळमाशी होती, पण तिच्याही पंखावर पट्टे आणि तिलाही पंख हलवायची सवय. संशोधकांनी काय केलं, घरमाशीचे पंख काढून त्या फळमाशीला चिकटवले आणि फळमाशीचे पट्टेवाले पंख घरमाशीला. मग उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्यांसमोर सोडलं. पट्टेवाला पंख आणि तो हलवायची सवय, दोन्ही एकाच माशीत असेल तरच कोळी बिचकून मागे सरला. कारण पट्टे आणि हालचाल मिळून समोर दुसरा कोळी पाय हलवत उभा आहे असा त्याचा समज होतो. घरमाशीला नुसते पट्टेवाले पंख लावून काही झालं नाही, ती खाल्ली गेली. तर पंखावरची चित्रं ही निव्वळ शोभा नसते, आणि एकमेकांच्या चुलत असलेल्या दोन-तीन कुळांत तीच सवय दिसली म्हणून ती एकच माशी होत नाही.

या कुळाचं माहेर म्हणाल तर न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया, तिथे यांचे जे प्रकार आहेत ते बघून थक्क व्हायला होतं. अकियास नावाची जीनस आहे, तिच्यातल्या काही जातींच्या नरांचे डोळे दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर बसवलेले. अकियास रॉथशिल्डी ही जात १९१० साली ऑस्टेन या इंग्रज अभ्यासकाने नोंदवली, तिच्या मोठ्या नरात एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतचं अंतर पाच सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे अंगाच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त. दोन नर समोरासमोर आले की डोळ्यांची रुंदी जोखतात. डोळे दांडीवर असलेल्या माश्या आपल्या सह्याद्रीतही ओढ्याकाठी दिसतात पण त्या डायॉप्सिडी कुळातल्या, यांच्याशी जवळचं नातं नाही. खूण सोपी आहे, डायॉप्सिडीत अँटेनासुद्धा डोळ्यांबरोबर दांडीवर सरकलेल्या असतात, अकियासमध्ये त्या आपल्या जागी, चेहऱ्याच्या मधोमध. पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या पोरांनी फोटो टाकताना एवढं बघितलं तरी खूप.

ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये बसून आयुष्याचा मोठा भाग या माश्यांवर घालवला. १९७३ साली ऑस्ट्रेलियातल्या सिग्नल माश्यांवरचं काम, १९९४ ला अकियासची सगळी फेरमांडणी, २००१ मध्ये त्या भागातल्या सगळ्या जीनसचा आढावा. आज कुळाची जी पाच उपकुळं मानतात त्यांचा पाया बऱ्याच अंशी या कामात आहे. आणि त्याच्याही आधी हेंडेल या ऑस्ट्रियन माणसाने १९१४ मध्ये जगातल्या तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या जातींची यादी लावली होती. आपल्याकडे काय? ब्रिटिशांच्या काळात भारतातल्या प्राण्यांवर जी जाडजूड खंडांची मालिका निघाली त्यात द्विपंखी कीटकांचे खंड आहेत, डासांवर तर १९३३ आणि १९३४ ला एकामागोमाग एक असे दोन, कारण मलेरिया. पण फळमाश्या, सिग्नल माश्या आणि त्यांच्या गोतावळ्याचा खंड त्या मालिकेत निघालाच नाही. जे माणसाला चावतं त्याचं पुस्तक आधी निघतं, हे समजण्यासारखं आहे, पण तुरीची मुळं खाणाऱ्याचं काय!

हो, मुळं. आता मुद्द्याकडे येतो. रिव्हेलियाची मोठी माशी तुरीला काही करत नाही, पानावर फिरते, कुठे माव्याचा चिकटा चाटते, पंख हलवते. मादी अंडी घालते ती जमिनीत, झाडाच्या बुडाजवळ. अळी खाली मुळांकडे जाते आणि मुळांवर ज्या गाठी असतात ना, नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या, त्या गाठी आतून खाते. एक गाठ संपली की पुढची. मग मातीतच कोष. म्हणजे जे नुकसान होतं ते पूर्ण जमिनीखाली, वरून शेतकऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही, पीक जरा पिवळसर वाटतं आणि आपण म्हणतो पाऊस जास्त झाला. आपल्या भारतातल्या तुरीवर हे करणारी जात रिव्हेलिया अँग्युलाटा, आणि तिच्यावर चाळीसेक वर्षांपूर्वीच हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम झालेलं आहे. तिथे असंही दिसलं की काळ्या जमिनीत गाठींचं नुकसान तांबड्या जमिनीपेक्षा जास्त होतं. आता बार्शी, लातूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), सगळा तुरीचा पट्टा कुठल्या जमिनीत आहे ते मी सांगायला नको. अमेरिकेत सोयाबीनच्या गाठी खाणारी हिचीच बहीण आहे, रिव्हेलिया क्वाड्रिफॅसिआटा, पंखावर चार पट्टे.

ज्याला बघायचंय त्याने तुरीचं झाड उपटू नये, उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने किंवा फावड्याने चारी बाजूंनी माती सैल करून सगळा गड्डा उचलावा आणि बादलीत पाण्यात बुडवून हलवावा, माती आपोआप सुटते. मग गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ कामाची, तो लालपणा लेगहिमोग्लोबिनचा, तिथे नत्र स्थिर होतंय. हिरवट-करडी असेल तर ती म्हातारी झालीये किंवा कामच करत नाहीये. आणि वरून टरफल शाबूत पण आत पोकळ, तपकिरी चुरा, कधी कधी आत पांढरट बारीक बिनपायांची अळी, तर मग समजायचं हे रिव्हेलियाचं काम. आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो, पाकिटाचे पैसे देतो, आणि खाली ही बाई सगळं फस्त करतीये.

आणखी एक घोळ आत्ताच मिटवतो कारण मला माहितीये तो होणारच. तुरीवर शेंगमाशी म्हणून एक कीड आहे, ती सगळ्यांना माहीत आहे, तिची अळी शेंगेत शिरून दाणा खाते. ती मेलॅनाग्रोमायझा ऑबट्यूझा, कुळ अॅग्रोमायझिडी, एवढीशी काळी आणि पंखावर एकही पट्टा नाही. ती येते शेंगा भरताना. रिव्हेलियाचं काम त्याच्या कितीतरी आधी, गाठी जोमात असताना. तेव्हा शेंगमाशी वेगळी, गाठी खाणारी सिग्नल माशी वेगळी, फळमाशी वेगळी. तिन्हीला एकच सल्ला छापला तर तीनपैकी निदान दोन ठिकाणी शेतकऱ्याचे पैसे वाया जाणार.

इथे मी हेही कबूल करतो की नुसतं कुळ सांगून भागत नाही. सिग्नल माश्यांच्या कुळात राहणीमान इतकं वेगवेगळं आहे की बास. काहींच्या अळ्या कुजलेल्या लाकडात, काहींच्या सडक्या पालापाचोळ्यात, स्कोलॅस्टिस नावाची जीनस खाली पडून सडलेल्या नारळात वाढते, काही माश्या शेणावर येतात. यातल्या बहुतेक बिचाऱ्या फक्त कचरा साफ करतात, त्यांना मारायचं काही कारणच नाही. म्हणजे सिग्नल माशी दिसली म्हणून घाबरून फवारा मारणं हाही तितकाच वेडेपणा. जीनसपर्यंत पोचल्याशिवाय सल्ला देऊ नये. आमच्या सोसायटीत कात्रण आल्या आल्या एका काकूंनी गच्चीवरच्या वालाच्या वेलावर काहीतरी मारलं आणि दोन दिवसांनी म्हणतात लेडीबर्ड कुठे गेले, मावा वाढलाय. वाढणारच, मावा खाणारे लेडीबर्डच गेले ना.

पिरगोटिडीबद्दल सांगतो म्हटलं होतं. हे सिग्नल माश्यांचे सख्खे शेजारी. रात्री उडणाऱ्या या माश्यांची मादी भुंगेऱ्यांवर झडप घालून त्यांच्या अंगात अंडं घालते आणि अळी भुंगेऱ्याला आतून खाऊन मारते. भुंगेरे म्हणजे कोणते, तर हुमणीच्या घराण्यातले, तेच जे वळवाचा पाऊस झाला की कडुनिंब-बाभळीवर रात्री येऊन पाला खातात आणि ज्यांच्या अळीने उसाचे फड बसवलेत. आता प्रकाश सापळ्याखालच्या घमेल्यात भुंगेऱ्यांबरोबर अशी रंगीत पंखांची माशी सापडली आणि कोणी तिलाही फळमाशी म्हणून कीड ठरवून टाकली तर काय म्हणायचं! आपल्या बाजूने लढणाऱ्याचाच काटा काढायचा.

तर संपादकसाहेब, मागणी फार मोठी नाही. पुण्यात माणसांची कमतरता नाहीये, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राचा विभाग आहे, एक फोटो पाठवून विचारायला कितीसा वेळ लागतो. ओळ लिहिताना खात्री नसेल तर 'तुरीच्या पानावर माशी' एवढंच छापा, कोणाचं काही बिघडत नाही. आणि त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, तुरीवर मिथिल युजेनॉलचे सापळे लावू नका अशी दुरुस्ती येत्या आठवड्यात द्या, कारण गाठी बघायचे दिवस आत्ताचेच आहेत, फुलोरा आल्यावर बघून उपयोग नाही. ज्यांनी सापळे आणून टाकलेत त्यांनी ते फेकू नयेत, पावसाळी पेरूला हीच फळमाशी असते, बांधावर पेरूचं झाड असेल तर तिथे टांगावेत. बार्शीवाल्यालाही मी तेच सांगितलंय, त्याने दुकानदाराकडून दोनच आणलेत आणि बादली घेऊन रविवारी गाठी बघणार आहे म्हणतो.

कळावे,
एक जुना वर्गणीदार,
कोथरूड, पुणे